शेवटची सीडी कोण ऐकतं?

जॅझचा कुठलाही मोठा बॉक्स सेट बघा. पहिली सीडी काढून घालून ओरखडलेली, दुसरी बऱ्यापैकी वापरलेली, आणि शेवटची एकदम कोरी. शेवटच्या सीडीवर असतं काय, तर अल्टरनेट टेक, म्हणजे त्याच गाण्याची बाद झालेली दुसरी रेकॉर्डिंग, मध्येच मोडलेले टेक, इंजिनीअर माइकवरून टेक नंबर पुकारतोय, कुणीतरी घसा साफ करतंय, आणि मग तीच धून परत, जी आपण गेल्या अर्ध्या तासात दोनदा ऐकलीये. तरी बॉक्स विकत घेताना आपण सगळ्यात आधी बघतो ते हेच, की आधी कधी न निघालेलं यात किती आहे. म्हणजे पैसे देतो शेवटच्या सीडीसाठी आणि ऐकतो पहिली. कलेक्शन करणाऱ्या जमातीत हे कुणी मोठ्याने बोलत नाही एवढंच.

रॉकच्या बॉक्स सेटचं मला फारसं कोडं वाटत नाही, तिथे डेमो ऐकला की गाणं आधी कसं होतं ते कळतं आणि आपण खूश होऊन परत मूळ गाण्याकडे जातो. जॅझमध्ये भानगड वेगळी आहे. इथे टेक दोन हा टेक एकची सुधारलेली आवृत्ती नसतोच मुळी. सुरुवातीची धून तीच, कॉर्ड्स त्याच, पण मधला सगळा सोलो जागच्या जागी नव्याने केलेला. त्यामुळे नाकारलेल्या टेकमध्ये सोलो जास्त चांगला असू शकतो आणि तरी तो टेक बाद होऊ शकतो, कारण धून वाजवताना ट्रम्पेटवाला एका ठिकाणी अडखळला. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या सेव्हॉय आणि डायल कंपन्यांसाठी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे इतक्यांदा जाणवतं की कुठला टेक खरा हा प्रश्नच विचित्र वाटायला लागतो. ७८ची रेकॉर्ड, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात सगळं बसवायचं आणि कंपनीला कुठला तरी एक निवडायचाच होता, म्हणून एक निवडला गेला.

'को को'चा मोडलेला टेक तर मला पूर्ण टेकइतकाच लागतो. २६ नोव्हेंबर १९४५. पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी ती भन्नाट वेगाची सुरुवात वाजवतात आणि पुढे सरळ 'चेरोकी' या जुन्या गाण्याची मूळ धून धरतात, कारण 'को को' उभं आहेच मुळी 'चेरोकी'च्या कॉर्ड्सवर. आणि तिथेच कुणीतरी थांबवतं. कारण असं सांगतात की धून वाजवली असती तर तिच्या संगीतकाराला रॉयल्टी द्यावी लागली असती, कॉर्ड्सवर मात्र कुणाचा हक्क लागत नाही. मग पुढच्या टेकमध्ये धून गाळून थेट सोलो. आता बघा, बीबॉपचा, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या त्या नव्या वेगवान जॅझचा, एवढा मोठा मैलाचा दगड, आणि त्याचा आकार ठरण्यात एका सेव्हिंगचाही हात आहे, आणि हे आपल्याला त्या अर्धवट टेकमुळेच कानाने कळतं. असली एखादी गोष्ट हाती लागली की पुढचे वीस कंटाळवाणे टेक माफ.

पार्करवरूनच आठवलं, डीन बेनेडेट्टी. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा माणूस, पार्करच्या इतका नादी लागला की १९४७-४८मध्ये क्लबांमध्ये मशीन घेऊन जायचा आणि पार्कर वाजवत असेल तेवढंच रेकॉर्ड करायचा. पार्करचा सोलो संपला की मशीन बंद. पियानोवाला, ट्रम्पेटवाला, सगळे कापले. वर्षानुवर्षं या रेकॉर्डिंगबद्दल लोक फक्त दंतकथा सांगायचे, मग १९९०मध्ये मोझेक रेकॉर्ड्सने ती सात सीडींच्या बॉक्समध्ये काढली. ऐकायला भयंकर आहे हे आधीच सांगतो, खरखर, तुटक, सोलो सुरू होतो आणि कडेलोट झाल्यासारखा संपतो. सलग ऐकून कुणाला आनंद होत असेल असं मला वाटत नाही. पण सगळं जमवणाऱ्या आपल्या जमातीचा मूळपुरुष कोण म्हणाल तर हाच, आणि गंमत बघा, सगळ्यात मोठा वेडा जो, त्यानेच सगळ्यात जास्त गाळलं.

मुद्दा तोच आहे. अल्बम म्हणजे कुणीतरी गाळून उरवलेली गोष्ट. बॉक्स सेट येतो आणि गाळलेलं परत ओततो. हे चांगलं की वाईट यावर मी बरीच वर्षं दोन्हीकडून भांडलोय, बहुतेक वेळा स्वतःशीच.

सगळ्यात अवघड केस बिल इव्हान्सची. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, पियानोवर इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन, आणि दिवसभरात पाच सेट, दुपारी दोन आणि रात्री तीन. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो कार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. मग रिव्हरसाइड कंपनीसाठी प्रोड्युसर ओरिन कीपन्यूज आणि इव्हान्स यांनी त्या टेपमधून पहिला अल्बम काढला तो लाफारोला समोर ठेवून. 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' सुरू होतो 'ग्लोरियाज स्टेप'ने आणि संपतो 'जेड व्हिजन्स'ने, दोन्ही रचना लाफारोच्या, आणि मध्ये निवडलेलं जे आहे त्यातही बास इतका पुढे की कधी कधी ही बासवाल्याची रेकॉर्ड आहे असंच वाटतं. उरलेल्यातून नंतर 'वॉल्ट्झ फॉर डेबी' झाला. ज्याने ज्याने हे दोन अल्बम ऐकलेत त्याला हा क्रम पाठ असतो, 'माय फूलिश हार्ट'चा पहिला कॉर्ड पडला की त्या बाजूला पुढे काय येणार ते कानाला आधीच माहीत.

आणि मग २००५मध्ये तीन सीडींचा बॉक्स आला ज्यात तो अख्खा दिवस आहे तसा लावलाय, सेट एक ते पाच, टाळ्या, ग्लासांची किणकिण, दोन गाण्यांमधली गडबड सगळं धरून. सुरुवातच 'ग्लोरियाज स्टेप'च्या अशा टेकने होते ज्यात मध्येच वीज जाते. म्हणजे इव्हान्स त्रयीच्या सगळ्यात पवित्र दिवसाची सुरुवात टेप बंद पडण्याने. पहिल्यांदा मला ते अजिबात आवडलं नव्हतं. एवढा नीट बांधलेला निरोप कुणीतरी उसवलाय असं वाटलं. 'ऑल ऑफ यू' तीनदा, 'ग्लोरियाज स्टेप' तीनदा, आणि लोकांच्या गप्पा तर इतक्या की त्यातल्या काहींना आपण काय ऐकतोय याची कल्पना नसणार हे स्पष्ट कळतं.

पण त्या क्रमाची हळूहळू चटक लागते. अल्बममध्ये लाफारो हा गेलेला माणूस आहे, प्रत्येक स्वर आपण तसाच ऐकतो, ते टाळताच येत नाही. बॉक्समध्ये तो कामावर आलेला माणूस आहे. दुपारच्या सेटमध्ये जरा हात मोकळे करतोय, रात्री रंगात आलाय, कुठेतरी एक कल्पना सुचली ती पुढच्या सेटमध्ये पुन्हा वापरून बघतोय, आणि शेवटच्या सेटमध्ये 'जेड व्हिजन्स' लागोपाठ दोनदा वाजवून घेतायत, कारण नवीन आहे आणि नीट यायला हवं. कुणालाच काही माहीत नाहीये. मला आता दोन्ही लागतात, पण एकाच आठवड्यात दोन्ही ऐकत नाही, ऐकले की एकमेकांना खोडतात.

'इन अ सायलेंट वे'चं याच्या उलट. १८ फेब्रुवारी १९६९च्या सेशनमधून प्रोड्युसर टिओ मासेरोने टेप कापून जोडून ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा तो अल्बम बनवला, दुसऱ्या बाजूची सुरुवात आणि शेवट हे एकच वादन आहे, सरळ कॉपी करून मागे चिकटवलेलं. आपल्याला वाटतं बँड फिरून परत त्या धुनेवर आला. आलाच नव्हता. २००१च्या बॉक्समध्ये न कापलेलं मूळ साहित्य आहे, आणि ते ऐकून माझं मत पक्कं झालं की इथे कात्री हेच वाद्य होतं. कापण्याआधीचं साहित्य अभ्यासाला ठीक, ऐकायला अल्बमच. बॉक्स सेटमुळे अल्बमची किंमत वाढण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बासवाल्या चार्ल्स मिंगसच्या 'मिंगस आह अम'मध्ये परत तिसराच प्रकार. १९५९च्या त्या एलपीवरच्या नऊपैकी सहा ट्रॅक कापलेले होते, सोलो छाटलेले, पुढच्या री-इश्यूमध्ये ते पूर्ण झाले. इथे मी पूर्णवाल्यांच्या बाजूने. का, ते विचारू नका, नियम बनवायला गेलो की पुढचीच रेकॉर्ड तो मोडते.

आणि बिग बँडवाला ड्यूक एलिंग्टन. ही गोष्ट मी कुणालाही सांगायला तयार असतो. ७ जुलै १९५६, न्यूपोर्ट फेस्टिव्हल, 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या दोन भागांच्या मध्ये पॉल गोन्साल्व्हिस टेनर सॅक्सोफोनवर सत्तावीस आवर्तनं वाजवतो, लोक खुर्च्या सोडून नाचायला लागतात आणि उतरणीला लागलेल्या एलिंग्टनचं नाव एका रात्रीत परत वर येतं. कोलंबियाची रेकॉर्ड निघते, तुफान खपते. फक्त तिच्यात गोन्साल्व्हिस लांबून कुठूनतरी ऐकू येतो, कारण स्टेजवर दोन माइक होते आणि तो कोलंबियाचा सोडून व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता. शिवाय रेकॉर्डवरचा बराचसा बाकीचा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत परत वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेल्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लाइव्ह जॅझ रेकॉर्डपैकी एक, आणि ती बरीचशी लाइव्ह नव्हतीच.

पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या टेप सापडल्या आणि १९९९च्या री-इश्यूमध्ये फिल शापने दोन्हीकडची मोनो रेकॉर्डिंग एकमेकांवर जुळवून चक्क स्टिरिओ केलं. गोन्साल्व्हिस एकदम समोर येऊन उभा. काही जुन्या लोकांना मात्र तो लांबचा गोन्साल्व्हिसच हवा असतो, कारण त्यांच्या कानात चाळीस वर्षं तोच आहे. मला हसू येतं पण त्यांचं म्हणणं कळतं. माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू'चंही असंच झालं होतं ना, २ मार्च १९५९च्या सेशनला टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने लावली की पहिली अख्खी बाजू एलपीवर किंचित जलद आणि किंचित चढी. त्या रेकॉर्डबरोबर वाजवत रियाज करणाऱ्यांना वाद्य वर चढवून घ्यावं लागायचं. नव्वदच्या दशकात ते दुरुस्त झालं. आता दुरुस्त झालेलं बरोबर हे उघड आहे, पण तीसेक वर्षं जगाने ज्यावर प्रेम केलं ते 'सो व्हॉट' चढंच होतं.

हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला टीना ब्रूक्स आहे, आणि तो एकटा मला पूर्णवाल्यांच्या पंगतीत नेऊन बसवतो.

टीना हे टोपणनाव, माणूस टेनर सॅक्सोफोन वाजवणारा, जन्म १९३२चा. ट्रम्पेटवाल्या फ्रेडी हबर्डच्या 'ओपन सेसमी'वर तो आहे, त्यातली शीर्षकाची रचनाही त्याचीच. ब्लू नोट कंपनीने त्याची स्वतःच्या नावाची चार सेशन्स रेकॉर्ड केली, १९५८ ते ६१. हयातीत निघालं एकच, 'ट्रू ब्लू'. 'बॅक टू द ट्रॅक्स'ला तर कॅटलॉग नंबर मिळाला होता, ४०५२, कव्हर तयार झालं होतं, आणि तरी ते निघालं नाही. १९७४मध्ये तो गेला तेव्हा ती टेप कपाटातच होती. सत्तरच्या दशकात प्रोड्युसर मायकल कस्कुना ब्लू नोटच्या कपाटात शिरला आणि एकेक टेप लावून ऐकत सुटला, मग त्याने आणि चार्ली लुरीने मिळून मोझेक काढलं, मोजक्या प्रती, नंबर घातलेले बॉक्स, टपालाने विक्री, पहिला बॉक्स १९८३मध्ये थेलोनियस मंकचा. १९८५मध्ये टीना ब्रूक्सची चारही सेशन्स एका बॉक्समध्ये आली. म्हणजे माणूस गेल्यावर अकरा वर्षांनी जगाला पहिल्यांदा कळलं की याच्याकडे चार अल्बमइतकं काम होतं आणि एकही फिका नाही. इथे गाळणाऱ्याची बाजू घ्यायला माझ्याकडे एक शब्द नाही. ब्लू नोट काढणाऱ्या आल्फ्रेड लायनचा कान जगात भारी, मान्य, पण ही टेप त्याच्याच कपाटात होती.

कस्कुना २०२४मध्ये गेला. बॉक्स सेट म्हटलं की बहुतेकांना सोलो वाजवणारे आठवतात, मला कपाटातल्या टेप ऐकत बसलेला हा माणूस पण आठवतो, कारण आपण जे शेवटच्या सीडीला कंटाळतो ते कुणीतरी आपल्या आधी पूर्ण ऐकलेलं असतं, आणि त्याने आपल्यासाठी बरंच गाळलेलंही असतं. ब्लू नोटच्या कपाटातलं सगळंच काढलेलं नाहीये, काही टेक अगदीच फसलेले होते ते तसेच ठेवले. म्हणजे पूर्णमध्येसुद्धा गाळणी आहेच.

आता ओरिजिनल प्रेसिंगवाले, म्हणजे रेकॉर्डची पहिल्या छपाईचीच प्रत हवी असणारे. यांच्याशी माझं जरा वाकडं आहे. रेकॉर्ड हातात आली की हे आधी लेबल बघणार, मग ती तिरकी धरून आतल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेलं बघणार, व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं आहेत का, प्लास्टिलाइट कारखान्याची ती कानासारखी दिसणारी खूण आहे का. कान असला तर प्रेसिंग १९६६मध्ये ब्लू नोट विकली जाण्याआधीच्या काळातलं, म्हणजे देव पावला. संगीत लावायचं नंतर, कधी कधी नाहीच. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि फावल्या वेळात आईवडिलांच्या हॅकेनसॅकच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत निम्मा जॅझ इतिहास रेकॉर्ड करायचा, १९५९मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधेपर्यंत. १९९९पासून त्याने स्वतःच आपली जुनी रेकॉर्डिंग सीडीसाठी नव्याने मास्टर केली, तर हेच लोक म्हणतात आवाज फार पुढे काढलाय, त्याला त्याचंच काम कळलं नाही. असेलही. मलाही त्यातल्या काही सीडी कडक वाटतात. पण माणसालाच खोटं पाडायचं म्हणजे जरा जास्त होतं.

२०२२मध्ये एका नावाजलेल्या ऑडिओफाइल कंपनीच्या रेकॉर्ड, ज्या सगळे शुद्ध अॅनालॉग समजून घेत होते, त्या डिजिटल टप्प्यातून जातात हे बाहेर आलं तेव्हा केवढा गहजब झाला. फसवणुकीबद्दल चिडणं बरोबर, जे आहे ते लिहायलाच हवं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच रेकॉर्ड ऐकून डिजिटल लगेच कळतं म्हणून सांगितलं होतं ते मात्र त्या आठवड्यात जरा गप्प होते. ब्लू नोटची टोन पोएट मालिका, केव्हिन ग्रेने मूळ टेपवरून कट केलेली, जाड कव्हरं, फ्रान्सिस वुल्फचे फोटो आत मोठे छापलेले, मला कानवाल्या मूळ प्रतीहून जास्त आवडते, कारण ती मी न घाबरता रोज लावू शकतो.

उलट टोकाला ते स्वस्त युरोपियन संच, आठ अल्बम चार सीडींवर कोंबलेले. युरोपात रेकॉर्डिंगचा कॉपीराइट पन्नास वर्षांचा होता, तो सत्तर केला तोपर्यंत १९६३च्या आधीचं सगळं सुटलं होतं, म्हणजे जॅझचा नेमका मलईचा काळ. त्यामुळे कुणीही छापावं. आवाज कधी ठीक कधी वाईट, पण माझा राग आवाजावर नाहीच, तो कोण वाजवतंय हे नीट लिहिलेलं नसतं त्यावर आहे. जॅझचं कलेक्शन वाढतं ते बाजूला उभ्या माणसांच्या मागे जाऊन. पॉल चेंबर्सचा बास एकदा कानात बसला की 'काइंड ऑफ ब्लू'वरून 'ब्लू ट्रेन'वर जाता येतं, तिथून 'जायंट स्टेप्स', तिथून पियानोवाल्या सनी क्लार्कचं 'कूल स्ट्रटिन', आणि सनी क्लार्क सापडला की पुढचं वर्ष संपलं. नावांची ती यादी काढून घेतली की उरतात आठ वेगवेगळे अल्बम. स्ट्रीमिंगवर हाच त्रास, कव्हर दिसतं, गाणं लागतं, बासवाला कोण ते शोधत बसा.

बॉक्स ऐकायची माझी पद्धत आता अशी झालीये की एका बैठकीत एकच सेट किंवा एकच सेशन, आणि मग बंद. प्लग्ड निकेल क्लबमधला माइल्सचा बॉक्स असाच ऐकला तर झेपतो. शिकागो, २२ आणि २३ डिसेंबर १९६५, दोन रात्री, सात सेट. ड्रमर टोनी विल्यम्सने म्हणे बाकीच्यांना सुचवलं होतं की कुणाकडूनही जे अपेक्षित असेल त्याच्या उलट वाजवायचं, आणि माइल्सला कुणी सांगितलंच नाही. सोलो चढायला लागला की मागचे तिघं हात काढून घेतात, शांत झाला की उसळतात. सगळं सलग लावलं तर तिसऱ्या सीडीला डोकं भणभणतं. एकेक सेट ऐका, तेच 'इफ आय वेअर अ बेल' परत आलं की आपण कान टवकारून बसतो की आज हे कुठून मोडणार. ही रिपीट झालेली गाणी काढून एक 'उत्तम निवड' केली असती तर ही मजाच गेली असती, निवड करायचं काम आपल्यावर टाकलंय म्हणूनच तो बॉक्स जिवंत आहे.

याच कारणाने सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'बोथ डायरेक्शन्स अॅट वन्स'चं काय करायचं हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. ६ मार्च १९६३चं सेशन, मूळ मास्टर टेप हरवलेली, कोल्ट्रेनने घरी ऐकायला नेलेली प्रत पहिली बायको नाइमा हिच्या कुटुंबाकडे राहिली आणि २०१८मध्ये त्यावरून रेकॉर्ड निघाली. साध्या प्रतीत सात ट्रॅक, निवडून लावलेले, आणि मोठ्या प्रतीत बाकीचे टेक. सात ट्रॅकवाली छान वाहते, पण ती निवड कोल्ट्रेनची नाही, त्याने या टेपचा अल्बम करायचा होता की नव्हता हे त्याने कुणाला सांगून ठेवलेलं नाही. म्हणून मी मोठी प्रत घेतली, दुसरी डिस्क पहिल्याइतकीच वाजवतो, 'इम्प्रेशन्स'चे चारही टेक, आणि ती अल्बमच्या रांगेत न ठेवता बॉक्स सेटच्या रांगेत लावलीये. दोनच डिस्क आहेत, बॉक्स वगैरे काही नाही, बघणाऱ्याला चुकून तिथे गेलीये असंच वाटतं.